नव्वद किलोमीटर आणि तीनशे किलोमीटर

सुरतेतल्या आमच्या पर्वत पाटियात दोन प्रकारची माणसं भेटतात. एकांचं गाव काठियावाडात, दुसऱ्यांचं खानदेशात. कापड मार्केटच्या गाळ्यात ती शेजारी शेजारी बसतात. दिवाळी आली की एक पश्चिमेला निघतो, एक पूर्वेला. विमानाने कोणाचं गाव जवळ, हा हिशेब मला अनेक वर्षं नादी लावून बसला आहे.

आधी काठियावाड. सुरत विमानतळ ते भावनगर विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ९० किलोमीटर. पण मध्ये खंभातचं आखात. रस्त्याने जायचं तर भरूच, वडोदरा करत आखाताला वळसा घालावा लागतो आणि आकडा ३७०च्या घरात जातो. एवढा फरक देशात फार थोड्या ठिकाणी असेल. म्हणूनच १ जानेवारी २०२२ला सुरतेहून भावनगर, अमरेली, राजकोट आणि अहमदाबादसाठी व्हेंचुरा कंपनीची नऊ आसनी सेस्ना विमानं सुरू झाली, तिकीट १,९९९ रुपये, तेव्हा शहरातल्या वराछा भागात त्याची केवढी चर्चा होती! हे विमान ताशी तीनशेच्या आसपास उडतं. म्हणजे भावनगर अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. त्याआधी ८ नोव्हेंबर २०२०ला हजीरा-घोघा रो-पॅक्स फेरीबोट सुरू झाली होतीच. गाडीसकट माणूस चार तासांत पलीकडे.

आता खानदेश. सुरत ते जळगाव विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. आणि आमच्या ताप्ती लाइनवरून रेल्वेचं अंतर? तेही तीनशेहून थोडंसंच जास्त! तापीच्या खोऱ्यातून रूळ जवळजवळ सरळ पूर्वेला गेले आहेत. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. या लाइनीचं मला भारी कौतुक. नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सीमा फलाटावरच्या बाकाच्या मधून जाते. गाडी तिथे थांबली की मी अजूनही उतरून तो बाक बघून येतो.

पण वेळेचं काय? तिकिटावर छापलेली वेळ नुसती हवेतली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची ती वेळ असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, रांगेत थांबणं सगळं आलं. म्हणून अंतर तिप्पट झालं तरी वेळ तिप्पट होत नाही. शिवाय सुरतेची धावपट्टी नैर्ऋत्य-ईशान्य आहे, तिच्या टोकांवर २२ आणि ०४ हे आकडे रंगवलेले आहेत, म्हणजे २२० आणि ४० अंश. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, तेव्हा पूर्वेला जाणारं विमानसुद्धा आधी डुमसच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून उठतं आणि मग वळतं. सरळ रेषेतल्या अंतरात हे वळण कुठेच धरलेलं नसतं. वैमानिक सागरी मैलात मोजतात, एक मैल १.८५२ किलोमीटरचा, त्यांच्या लेखी भावनगर ५०च्या आत, जळगाव १६०च्या वर. एटीआरसारखं पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरने जातं, तेव्हा सुरत-जळगावला तासाभराची वेळ धरावी लागेल.



आता खरा हिशेब घरापासून करा. पर्वत पाटियाहून विमानतळ म्हणजे सगळं शहर ओलांडून मगदल्ला-डुमसची बाजू, उधना स्टेशन मात्र हाकेच्या अंतरावर. विमानतळावर तासभर आधी पोचायचं, पलीकडे उतरून गावाची बस गाठायची. तासाभराचं उड्डाण दाराशी पोचेपर्यंत चार तासांचं होतं. गाडी सहाएक तासांत थेट गावच्या स्टेशनावर सोडते, सोबत बोचकी-पिशव्या हव्या तेवढ्या. आखात आडवं असेल तिथे छोटं विमान सोन्यासारखं आहे आणि त्याला सरकारने पैसा पुरवावा, असं माझं ठाम मत आहे. खानदेशवाल्यांनी मात्र विमानाआधी ताप्ती लाइनवर दिवाळीच्या जादा गाड्या मागाव्यात. आपल्याला त्यांचीच गरज जास्त आहे.