माँटेसरी : फलकावरचे नाव आणि वर्गातले काम

'माँटेसरी' हा फलक पाहून आपल्या जळगाव-धुळ्याकडेही अनेक पालक निर्धास्तपणे मुलाचे नाव घालतात. परंतु हे नाव वापरण्यास कोणावरही बंधन नाही. त्यामुळे फलक माँटेसरीचा आणि आत तीन वर्षांचे बालक इंग्रजी अक्षरे गिरवून रडवेले झालेले, असेही घडू शकते.

डॉ. मारिया माँटेसरी या श्रद्धावान कॅथलिक वैद्यकतज्ज्ञ होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत त्यांनी पहिले 'मुलांचे घर' उघडले. बालक हातांनी शिकते, हे त्यांचे निरीक्षण होते. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठ्या दट्ट्या बसवायच्या. एक चुकली की शेवटची बसतच नाही. चूक बाई दाखवीत नाहीत, वस्तूच दाखवते. म्हणून बालक न रागावता पुन्हा मांडू लागते. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता हात लेखनासाठी तयार होतो. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असल्याने धाकटी थोरल्यांकडे पाहून शिकतात.

'हे साहित्य महाग आहे, आपल्याला कसे परवडणार?' ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे दिले. अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी खडे, बिया, पाने, शिंपले हेच साहित्य मानले. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

खानदेशात तर अशा साहित्याचा तुटवडाच नाही. कापसातून सरकी वेगळी काढणे, मिसळलेले तूर-हरभरे निवडणे, तांब्यातले पाणी न सांडता पेल्यात ओतणे, यांतून बोटांना वळण लागते आणि लक्षही स्थिरावते. अट एवढीच, की मोठ्यांनी मध्येच हात घालू नये. (हेच सर्वांत कठीण!)

भाषेचाही विचार हवा. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारे बालक पहिल्याच दिवशी परक्या भाषेत गप्प होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे.

म्हणून प्रवेशापूर्वी शक्य असल्यास अर्धा तास वर्गात बसावे. साहित्य मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर आहे, की कपाटात कुलूपबंद? एखादे बालक दहा मिनिटे एकाच कामात रमलेले दिसते का? आणि त्याच्या अहिराणी प्रश्नाला बाई उत्तर देतात का?