दारातला संप आणि पालिकेचे थकलेले देणे

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की सकाळी त्याला उठवायला, अंग पुसायला, औषध द्यायला आणि रात्री पुन्हा झोपवायला कोणी तरी लागते. ते माणूस एके दिवशी आलेच नाही तर? स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातल्या हजारो कुटुंबांपुढे २३ व २४ ऑक्टोबर २०१८ रोजी हाच प्रश्न उभा राहिला. त्या दोन दिवसांत पालिकेच्या आठ हजारांवर महिला कामगार संपावर गेल्या. घरोघरी जाऊन वृद्धांची व अपंगांची देखभाल करणाऱ्या सेविका त्यात मोठ्या संख्येने होत्या.

सेविकांबरोबरच साफसफाई व शाळांतील जेवणाचे काम करणाऱ्या महिलाही संपात असल्यामुळे प्राथमिक शाळा आणि बालवाड्या बंद राहिल्या. पालिकेची आपत्कालीन सेवा मर्यादित होती. साहजिकच मुलगा, सून, लेक यांच्यावर सारा भार आला. घरात आजीही सांभाळायची आणि नातवंडेही, अशी अनेकांची दुहेरी ओढाताण झाली. ज्यांना कोणीच नव्हते, त्यांची काळजी सर्वांत मोठी होती. कारखान्याचा संप झाला तर माल उद्या तयार होतो. आजची औषधाची गोळी मात्र उद्या देऊन चालत नाही.

मग या बायकांनी इतके टोक का गाठले? भांडण पगारवाढीचे नव्हते, समान वेतनाच्या जुन्या थकबाकीचे होते. पालिकेने २००६-०७ मध्ये नवी वेतनपद्धती आणली. तिच्यात आठवड्याला ३७ तास वा अधिक काम करणाऱ्यांना जादा लाभ मिळत असे. सेविकांचे काम सकाळ-संध्याकाळ तुकड्यांत विभागलेले. त्यांचे तास ३७ भरतच नसत. त्यामुळे पुरुषांचा भरणा असलेल्या खात्यांच्या तुलनेत त्या मागे राहिल्या. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल महिलांच्या बाजूने दिला. तरीही तडजोडीची बोलणी रेंगाळली, तेव्हा युनिसन व जीएमबी या संघटनांनी संपाची हाक दिली. विशेष म्हणजे कचरा उचलणाऱ्या पुरुष कामगारांपैकी अनेकांनी संपकरी महिलांची फळी ओलांडून कामावर जाण्यास नकार दिला.

जानेवारी २०१९ मध्ये समझोता झाला. रक्कम होती ५० कोटी पौंडांहून अधिक! ती उभी करण्यासाठी पालिकेने एमिरेट्स अरेना या क्रीडासंकुलासारख्या आपल्या वास्तू विकून परत भाड्याने घेण्याचा मार्ग धरला. २०२२ मध्ये उरलेल्या दाव्यांसाठी प्रसिद्ध केल्विनग्रोव्ह संग्रहालयाचीही तीच गत झाली. दर आठवड्याला थोडे थोडे वाचवलेले वेतन असे एकदम कर्ज होऊन दारात उभे राहिले.

व्यापारी माणसाने यातून हिशेब शिकावा, असे आम्हांस वाटते. मुंबई-पुण्यात आज ब्युरोमार्फत आया व रुग्णसेवक पुरवण्याचा धंदा चांगलाच फोफावला आहे. हा धंदा करणाऱ्यांनी आणि घरी माणूस ठेवणाऱ्यांनीही कामाचे तास, जाण्या-येण्यात मोडणारा वेळ, साप्ताहिक सुट्टी व मेहनताना सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्यावा. बदली माणसाची सोय आधीच करून ठेवावी आणि औषधांची यादी घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असू द्यावी.

संपाच्या दिवशी हाल झाले ते अंथरुणावरच्या माणसाचे, हे खरेच. पण त्या संपाचे बी बारा वर्षांपूर्वी वेतनाच्या तक्त्यात पेरले गेले होते. ज्यांच्या हाती आपण आपले आईबाप सोपवतो, त्यांचे देणे थकवणे हा कोणत्याही हिशेबाने फायद्याचा सौदा नाही.