मिरजेचा तंबोरा : भोपळा, लाकूड आणि सूत

गायक बैठकीस बसला की प्रथम उमटतो तो तंबोऱ्याचा नाद. तारा चारच, पण कान देऊन ऐकले असता स्वर चारांहून पुष्कळ अधिक ऐकू येतात. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, त्यास गायक ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. गंधाराची तार तर तंबोऱ्यावर नसतेच. मग हा स्वर येतो कोठून?

छेडलेली तार केवळ सबंध लांबीने कंप पावत नाही. तिचे दोन, तीन, चार, पाच असे समान भागही त्याच वेळी कंप पावत असतात. सबंध तारेचे सेकंदास १०० कंप होत असतील, तर या भागांपासून २००, ३००, ४०० व ५०० कंपांचे उपस्वर निघतात. पैकी ४०० हा षड्जच होय. आणि ५०० हा त्याच्या सव्वापट, म्हणजे गंधार. हे बीज प्रत्येक तारेत असते. ते रुजविण्याचे काम वाद्याची घडण करते.

मिरजेचे कारागीर हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून करीत आले आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेब नामक कारागिराचा हात वाद्यांकडे वळला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

जाड सालीचा भोपळा प्रथम पूर्ण वाळवितात. तो कापून त्यावर लाकडाची पातळ तबली बसवितात आणि गळ्याशी पोकळ दांडी जोडतात. एकटी तार फारच थोडी हवा हलवू शकते. तिचे कंप घोडीवाटे तबलीस पोहोचतात आणि तबली व आतील हवा यांच्यामुळे नाद मोठा होतो. तबली जाड राहिली तर नाद दबतो. फाजील पातळ झाली तर तारांच्या दाबाने खचते.

परंतु खरे मर्म घोडीत आहे. मँडोलिनची तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिच्या पृष्ठभागास अतिशय सौम्य उतार असतो. कंप पावणारी तार या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका साधतात. हीच जवारी.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याविषयी निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असेल ते उपस्वर निघू नयेत, असा सामान्य नियम आहे. तंबोरा व वीणा यांत मात्र तेच उपस्वर जोमाने वाजतात, आणि त्याचे कारण घोडीचा आकार होय, असे त्यांनी दाखविले.

कारागिरापाशी हा नियम लिहिलेला नसतो. तो घोडी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. वापराने तारा घोडीत रुतल्या की जवारी नव्याने काढावी लागते. आज विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी पुष्कळ घरांत आहे. ती सोयीची खरी. पण घोडीवरचा हात तयार होण्यास वर्षे लागतात, आणि शिकणारेच न उरले तर ही विद्या पुस्तकांतून परत मिळणार नाही.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. शिक्षकांच्या अनुमतीने तंबोऱ्याच्या एका तारेखालील सूत बाजूस सारून ती छेडावी. मग सूत हळूहळू पूर्वस्थानी आणावे. ज्या क्षणी नाद एकाएकी फुलतो, त्या क्षणी विज्ञान व कारागिरी यांची गाठ पडलेली असते.