साहेबांनी खोकी उचलली

भोसरीतले एक कारखानदार वैतागून म्हणाले, "आमच्या मॅनेजरला अमेरिकेने नकार दिलाय. का, तर तो नको ती कामं स्वतः करतो!" हे काय प्रकरण आहे ते बघायचंच म्हणून, न्यू जर्सीत गेल्यावर मी त्यांच्या वकीलबाईंचं एडिसनचं ऑफिस गाठलं.

परदेशातली कंपनी आपला मॅनेजर अमेरिकेतल्या शाखेत पाठवते, तो एल-१ए व्हिसा. शाखा नवी असेल तर आधी एकच वर्ष मिळतं. तेवढ्यात शाखेने इतकं बाळसं धरायचं की साहेबाने प्रामुख्याने साहेबकीच करावी. मुदतवाढ इथेच अडली.

टेबलावर नकाराचं पत्र आणि साहेबांनी स्वतः भरलेला कामाचा तक्ता. एका ओळीवर पिवळा हायलायटर: 'नमुने पॅक करून पाठवणे, बिलं करणे – २० टक्के.' माणसाने खरं ते लिहिलं होतं. बाकी 'धोरण ठरवणे', 'देखरेख' असले गुळगुळीत शब्द. ते मोघम म्हणून अधिकाऱ्याने बाजूला सारले आणि २० टक्के तेवढे धरून ठेवले. आपल्याकडे खोकं उचलणाऱ्या साहेबाचं कौतुक होतं.

फोनवर साहेब म्हणाले, "मॅडम, अर्जानंतर मी दोन माणसं ठेवली की!"

"ती धरत नाहीत. अर्ज केला त्या दिवशी काय होतं, तेवढंच बघतात."

"मग काढू का त्यांना?"

"अजिबात नको. पुढे लागतील."

दाद मागायला ३० दिवस. निर्णय टपालाने आला तर ३३. नवा पुरावा असेल किंवा कायदा चुकीचा लावला असेल, तर त्याच कार्यालयाला फेरविचार करायला लावता येतं. नाहीतर वरच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ऑफिसकडे अपील. बाईंनी अपील निवडलं. कर्मचाऱ्यांच्या संख्येवरून निकाल द्यायचा, तर कंपनी वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि तिची वाजवी गरज किती, हे बघणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. नुसतं 'कर्मचारी तीन'. जोडीला २०१० चा 'मॅटर ऑफ चवाथे' हा निर्णय. आडनाव आपल्याकडचं वाटतं, पण तिथल्या वकिलांच्या तोंडी ते कायम असतं: शंकेला जागाच उरू नये असा पुरावा लागत नाही, गोष्ट खरी असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं की पुरे.

पॅरालीगल ताई आधीच दाखल केलेल्या पगारपत्रकांतून आणि ईमेलमधून अपिलाला आधार शोधत होत्या. एका ईमेलवर त्यांनी चिठ्ठी डकवली. साहेबांनी हाताखालच्याला लिहिलं होतं, 'कोटेशन तू बनव, मंजुरी मी देतो.' तक्त्यातल्या सगळ्या 'धोरणां'पेक्षा ही एक ओळ वजनदार होती.

ही चाळणी उगाच लावलेली नाही. साहेब म्हणून साधा कामगार पाठवणारेही असतात. पण तिची भोकं मोठ्या कंपन्यांच्या मापाची आहेत. तिथे खोकी उचलायला वेगळा माणूस असतो. छोट्या शाखेत ते २० टक्के करणार कोण?

अपील केलं म्हणून अमेरिकेत काम करता येत नाही. मुदतवाढीचा वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असताना २४० दिवसांपर्यंत मुभा असते, नकार येताच ती संपते. म्हणून साहेब पुण्याला परत निघाले. आता नवा अर्जही होईल आणि त्यात ती दोन माणसं मोजली जातील.

तिकडे शाखा काढणार असाल, तर मुदतवाढीच्या अर्जाआधीच माणसं नेमा आणि त्यांना काय काम सांगितलं, त्याचे ईमेल जपून ठेवा.