टाचेतला एक थेंब

थायरॉइड ग्रंथीच नसलेलं बाळ जन्मतं तेव्हा बहुधा अगदी चारचौघांसारखंच दिसतं. फार झोपतं, फारसं रडत नाही; घरचे म्हणतात, किती गुणी बाळ! आईचं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, वारेतून आलेलं असतं, त्या शिदोरीवर सुरुवात निभते. ती सरली की मेंदूची वाढ अडते, आणि लक्षणं नजरेत भरेपर्यंत झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही.

मग ओळखायचं कसं? टाचेच्या कडेला बारीकशी सुई टोचायची, रक्ताचा थेंब जाड फिल्टर पेपरवरच्या वर्तुळात पार पलीकडपर्यंत मुरू द्यायचा, कागद सावलीत वाळवायचा. 1980च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एन. अप्पाजी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या एक लाखाहून अधिक नवजात बाळांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांचा मुख्य शोध अमिनो आम्लांच्या विकारांचा होता. थायरॉइडचं गुपितही असाच वाळका डाग सांगतो.

आणि सांगतो तो कसा! मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी रक्तातल्या थायरॉक्सिनवर सतत डोळा ठेवून असते. ते कमी पडलं की टीएसएच नावाचं संप्रेरक सोडून थायरॉइडला हाक मारते. ओ द्यायला कुणी नसलं की हाक वाढतच जाते. कागदावर सापडते ती ही हाक. मात्र गर्भाच्या उबेतून थंड हवेत येताच निरोगी बाळाचंही टीएसएच उसळतं. म्हणून टाच टोचायला 48 तास थांबतात.

उपचार पाहून तर मी थक्कच झालो: थायरॉक्सिनची गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर मूल इतरांसारखं वाढतं, शाळेत जातं. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे अणू अवघे चार. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. सत्तर वर्षांचा हिशेब चार ग्रॅमच्याही आतच. समुद्रापासून दूर, पठारावरच्या बंगळुरूत ते पोचतं मुख्यतः मिठाच्या पुडीतून.

मोठेपणी थायरॉइड मंदावतो तो बहुतेकदा शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर हल्ला चढवल्यामुळे. कधी उलट, तो बेलगाम होतो. मंदावलेल्यांना तीच गोळी, सकाळी अनशापोटी. कॉफीने ती नीट शोषली जात नाही, म्हणून मध्ये अर्धा-एक तास सोडायचा. फिल्टर कॉफीशिवाय डोळे न उघडणाऱ्या या शहरात, सगळ्या उपचारातलं अवघड पथ्य हेच असावं.