बाजारातला बोंबील आणि अन्नसाखळीचा पाठ



सातारा-सांगलीच्या मुलांना समुद्र लांबचा. तरीही अन्नसाखळी शिकवताना दरवेळी गवत, नाकतोडा, बेडूक, साप यांच्यावरच थांबायला नको. आठवडी बाजारात सुक्या मासळीवाल्या मावशींकडे बोंबील आणि सुकट शेजारीशेजारी मांडलेली असते. म्हणजे खाणारा आणि त्याचं खाद्य एकाच ठिकाणी!

बोंबील कुठे राहतो?
गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो भरपूर मिळतो. वर्षातला बराच काळ तो चिखल-वाळूच्या तळाजवळ असतो. पावसाळ्यात खाद्यासाठी थव्यांनी नद्यांच्या मुखाकडे येतो.

शरीर कसं असतं?
ओल्या बोंबलात साधारण ८५ ते ९० टक्के पाणी असतं, म्हणून तो लिबलिबीत. पण आहे पक्का शिकारी! तोंड मोठं फाटलेलं, खालचा जबडा पुढे, दात सुईसारखे आणि आत वळलेले. धरलेलं भक्ष्य सहसा सुटत नाही. वाळवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगतात.

खातो काय?
जवळा, कोळंबी, लहान मासे, कधी स्वतःच्याच जातीची पिल्लंसुद्धा. आपल्याकडची सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. तो मासा नव्हे, कोळंबीचा भाऊबंद. जवळा पाण्यातले सूक्ष्म प्लवंग खातो. झाली साखळी: प्लवंग → जवळा → बोंबील → माणूस.

साखळी कुठे ताणली जाते?
कोळी बांधव भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळं लावतात. जवळा धरायचा तर जाळ्याची वीण बारीक लागते, आणि मग बोंबलाची पिल्लंही त्यात सापडतात. मुलांना विचारा: जवळा कमी झाला तर बोंबलाचं काय होईल? पिल्लंच संपली तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येईल? जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद का असते, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

वर्गात करून पाहा
१. सुके बोंबील पट्टीने मोजून लांबीची नोंद करा.
२. गणित: १ किलो ओल्या बोंबलात ८५ टक्के पाणी असेल, तर ते सगळं उडाल्यावर किती ग्रॅम उरेल? (१५० ग्रॅम)
३. ज्या घरांत मासे खात नाहीत, त्या मुलांना चित्रावर काम द्या.

एक काळजी मात्र घ्या. सुकटीच्या वासावरून एखाद्या मुलाच्या डब्याला इतर मुलं नाक मुरडतात. त्या दिवशी त्याच मुलाला बोलतं करा. पुस्तकात नसलेलं बरंच काही त्याला ठाऊक असतं.