वणव्यावरचा पहारा आणि रिकामे मनोरे

जालना शहरातील मस्तगड ही गढी निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधली. तिच्या आतल्या दरवाजावरील फारसी शिलालेखात बांधकामाचे साल कोरलेले असल्यामुळे पहारा उठून गेल्यावरही तिचा काळ सांगता येतो. जंगलातील वणव्यावर नजर ठेवण्यासाठी उभारलेल्या निरीक्षण मनोऱ्यांच्या नशिबी मात्र सहसा असा लेख नसतो, आणि म्हणूनच ओस पडलेल्या मनोऱ्याची जागा अधिक बारकाईने पाहावी लागते.

जालना जिल्ह्यात जंगल अत्यल्प असल्याने असे मनोरे पाहायचे तर मेळघाटासारख्या डोंगराळ वनप्रदेशाकडे वळावे लागते. तेथे उन्हाळ्यात सागाची पाने गळून जमिनीवर वाळलेला थर साचतो आणि मोहफुले वेचणे सोपे व्हावे किंवा तेंदूला नवा फुटवा यावा म्हणून लावलेली आग या थरातून रानभर पसरते. राज्यातील बहुतेक वणवे निसर्गाने नव्हे, तर माणसाच्या हाताने लागतात, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय मनोऱ्यांचे प्रयोजन कळत नाही.

मनोऱ्यांचे सर्वांत मोठे जाळे अमेरिकेत उभे राहिले. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत अवघ्या दोन दिवसांत सुमारे १२ लाख हेक्टर जंगल जळाले, त्यानंतर तेथील शिखराशिखरांवर पहारेकरी बसवण्यात आले. त्यांच्या खोलीच्या मध्यभागी ऑस्बॉर्न या वनकर्मचाऱ्याने तयार केलेले यंत्र असे. अंशांच्या खुणा असलेल्या कड्यात बसवलेला गोल नकाशा आणि त्याभोवती फिरणारी दृष्टिपट्टी, एवढीच त्याची रचना. धुराच्या रेषेवर पट्टी लावली की दिशेचा कोन मिळे, आणि दुसऱ्या मनोऱ्यावरूनही तसाच कोन कळवला गेला की दोन रेषा जेथे छेदत, तेथे आग असे. विजा कडाडू लागल्या की पहारेकरी काचेचे पाय असलेल्या स्टुलावर उभा राहून काम करी, कारण काचेतून वीज वाहत नाही.

अशा जागी आज बहुधा काँक्रीटचे चौथरे, गंजलेले बोल्ट आणि विजेपासून संरक्षण देणाऱ्या तारांचे तुकडे एवढेच उरलेले असते. तथापि खरा अवशेष म्हणजे तेथून दिसणारा मुलूख होय. कोणती दरी दिसते, कोणती डोंगराआड जाते आणि शेजारचे शिखर नजरेच्या टप्प्यात आहे की नाही, हे पाहिल्यावर जागेची निवड का झाली ते उलगडते.

भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीची सूचना देते. परंतु उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो, त्याच्या चित्रातील एक ठिपका ३७५ मीटरांचा असतो आणि दाट झाडोऱ्याखालची लहान आग त्यातून निसटू शकते. त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा ठेवणे, आणि वनरक्षकाने पायी गस्त घालणे ही कामे आजही टळलेली नाहीत. मनोरे मोडीत काढताना याचा विचार व्हायला हवा.

ही ठिकाणे पाहू इच्छिणाऱ्यांनी वनविभागाची परवानगी घेऊन पावसाळ्यानंतर जावे आणि तेथे चूल वा विडी पेटवू नये; राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे.